चेअरमन हलले

"फोटोत एकेकाच्या मिशीचे केस मोजता आले पायजेत!" हौसराव आप्पांनी फर्मावलं.

"मिशीचेच काय आप्पा, म्हशीचे बी मोजा!" शिरूरच्या फोटोग्राफर प्रतिभानं छातीठोकपणे सांगून टाकलं.

आप्पा खुटबावच्या दूध संस्थेचे चेअरमन. नव्या ऑफिसात त्यांना सगळ्या सभासदांचा भिंतभर फोटो लावायचा होता. मोबाईलवरचा फोटो तेवढा ताणला की माणसाच्या तोंडाचं पीठ होतं! प्रतिभाकडं मात्र लाकडी पेटीसारखा जुना कॅमेरा होता, त्यात वहीच्या पानाएवढी फिल्म बसायची. लग्नातल्या वरमायांचे फोटो काढून ती कंटाळली होती. ही भिंत जमली, तर तालुक्यातल्या सगळ्या भिंती आपल्याच, असा तिचा हिशेब.

दूध संकलनाच्या शेडमध्ये सभासद रांगेनं उभे राहिले. आप्पांनी कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि विंचू चावल्यागत बाहेर काढलं.

"पोरी! समदं मंडळ उलटं टांगलंयस की!"

"आत उलटंच दिसतंय आप्पा. फोटो सुलटा येतो."

"निवडणूक तोंडावर हाय. कुणाला दावू नगंस!"

शेडमध्ये उजेड बेताचा, म्हणून भिंगावरचं झाकण मिनिटभर उघडं ठेवावं लागणार होतं. प्रतिभानं बजावलं, "झाकण काढल्यापासून परत लावेपर्यंत दगड व्हायचं. जो हलंल, तो फोटोत येणार न्हाई!"

आप्पा मधल्या खुर्चीत बसले. झाकण निघालं. प्रतिभाची नजर घड्याळावर खिळली.

तेवढ्यात आप्पांना शेजारच्या ईश्वरची टोपी वाकडी दिसली. ते उठले. टोपी सरळ केली. मग बिरदेवच्या खांद्यावरची माशी हाकलली. मग दुधाचा कॅन पायानं सरकवला. "हलू नका रे!" असं सगळ्यांना दटावत खुर्चीत येऊन टेकले, आणि झाकण लागलं.

प्रतिभानं फिल्म धुतली. सभासद कोरीव मूर्तींसारखे उमटले होते. मधली खुर्ची रिकामी!

"मी कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"हा धूर दिसतोय का आप्पा?"

"व्हय."

"ते तुम्ही."

सभासद मात्र खूश! इतकी देखणी तोंडं त्यांनी आरशातही पाहिली नव्हती. "ह्योच लावायचा!" ईश्वर म्हणाला, आणि भराभर हात वर झाले.

"चेअरमनला वगळून ठराव?" आप्पा कडाडले. "दुसरा काढ! आता खिळ्यानं ठोकल्यागत बसतो!"

प्रतिभाकडं एकच फिल्म उरली होती. पुन्हा रांगा लागल्या. झाकण निघालं, आणि त्याच क्षणी बाहेर दुधाच्या टँकरचा हॉर्न वाजला.

"गाडी निघाली!" कुणीतरी ओरडलं. सगळं मंडळ कॅन उचलून पळालं. आप्पांच्या पाठीमागं नुसता खणखणाट! पण आप्पांनी पापणी हलवली नाही. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला, तोही पुसला नाही. फिल्म तर वाया गेलीच होती. प्रतिभानं वेळ भरू दिली आणि झाकण लावलं.

"हललं का कोण?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही न्हाई, आप्पा."

तो फोटो आला मात्र फर्मास! भल्यामोठ्या ओस शेडमध्ये एकटे आप्पा, आत्ता बोलतील असे. आप्पा हरखले. ऑफिसात लावायचा तो सभासदांचा लावा म्हणाले, आणि हा फ्रेम करून घरी नेला. टीव्हीच्या वर टांगला आणि मंडळींना हाक मारली.

सारजाबाई पदराला हात पुसत आल्या. फोटोतली ओस शेड त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "संस्था बुडाली व्हय?"