मागची बाजू वाचणाऱ्या सोजरामावशी

सोजरामावशींनी बिस्किटाचं पाकीट कधी सुलटं धरलेलं मी पाहिलं नाही. पुढच्या बाजूला हिरवी पानं असोत की हसरे आजी-आजोबा, त्यांना घेणं नसतं. "पुढचं ऱ्हाऊ द्या दादा, मागचं वाचा," हे त्यांचं ठरलेलं.

दिंद्रुडला माझं किराणा दुकान आहे. मावशी गावाबाहेरच्या वस्तीवर राहतात. उभी हयात ऊसतोडीला गेलेल्या, शाळा पाहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी येऊन विचारलं, शुगरच्या माणसाला कोणतं बिस्कीट चालंल. ऊस तोडता तोडता साखर अंगात शिरली बाईच्या, असं म्हणत मी 'शुगर फ्री' पाकीट पुढं केलं. त्यांनी ते उलटं करून माझ्याच हातात दिलं. मी बारीक अक्षरं वाचली : मैदा, तेल, माल्टोडेक्स्ट्रिन. शेवटचं काय असतं, हे मला सांगता येईना. मावशी पाकीट घेऊन सरळ आरोग्य केंद्रात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मलाच धडा दिला. ते पिठापासून करतात, गोड फारसं लागत नाही, पण रक्तात साखरेसारखंच चढतं. दुकानदाराला एवढंही ठाऊक नसावं, याचं त्यांना नवल वाटलं.

मग त्या रिकामी पाकिटं मागून न्यायला लागल्या. मला वाटलं, चूल पेटवायला नेत असतील. चार-सहा महिन्यांनी बघतो तर बाई स्वतः बोट ठेवून वाचतायत. स्वतःचं नाव लिहिता येत नाही, पण शुगर, सिरप, ग्लुकोज, मैदा हे शब्द इंग्रजीत बरोबर ओळखतात. माल्टोडेक्स्ट्रिन काही जिभेवर बसेना, म्हणून त्याचं नाव त्यांनी मालती ठेवलं. "ह्यात मालती हाय, ठिवा परत." माझ्या बायकोचंही नाव मालतीच. ती अजून रागावलेली आहे.

दिवाळीच्या आधी एका कंपनीचा सेल्समन आला आणि माझ्या दारात टेबल मांडून बसला. त्याच्याकडं शुगर फ्री नानकटाई होती. शुगरवाल्यांनी बिनधास्त कितीही खावी, असं तो सांगत होता. गावातले चार-पाच शुगरवाले बऱ्याच दिवसांचे गोडाला उपाशी. त्यांचे हात खिशाकडं गेलेच होते, तेवढ्यात मावशी आल्या आणि त्यांनी पाकीट उलटं केलं.

"साखर न्हाई, कबूल," त्या म्हणाल्या. "पर जे जास्त आसतंय त्ये पहिलं लिवतेत. हितं पहिला मैदा हाय. त्याच्या मागं मालती."

मग त्यांनी माझ्याकडून साधं बिस्कीट मागितलं आणि दोन्ही पाकिटं शेजारी धरली. आकडे त्यांना पहिल्यापासून येतात. फडातल्या मोळ्या मोजून आलेले. कार्बोहायड्रेटचा आकडा दोन्हीकडं जवळजवळ सारखा होता. सेल्समननं आपल्याच पाकिटाची मागची बाजू बहुधा पहिल्यांदा वाचली. मी फक्त विकतो, असं तो पुटपुटला.

"इका की. पर कितीबी खा म्हणू नगा. लोकांचे पाय जातेत, डोळे जातेत."

तो तासाभरात टेबल आवरून गेला. त्या दिवशी माझ्याकडचे बिनमिठाचे फुटाणे पार संपले. आता आसपासच्या गावांतलेही लोक येऊन विचारतात, हे मावशींनी पास केलंय का. पास झालेल्या मालाची वेगळी फळीच करावी लागली मला.

सेल्समन आला त्या दिवशीच्या धांदलीत मावशी त्यांची पिशवी दुकानात विसरून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती द्यायला मी वस्तीवर गेलो. ओसरीत बाजेवर त्यांचे मालक बसले होते, नजर भलतीकडंच लागलेली. मावशी पाकिटावरचं एकेक अक्षर बघून बोटानं त्यांच्या तळहातावर काढत होत्या. ते सातवी शिकलेले. अक्षर ओळखून मोठ्यानं म्हणत होते आणि शेवटी शब्द जुळवून सांगत होते.

शुगर मावशींना नव्हतीच. ती त्यांच्या मालकांना होती, आणि त्यात त्यांचे डोळे गेले होते.

मला वाटेपर्यंत सोडायला आल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "आता माझं मला येतंय. पर त्यायला सांगू नगा. दिसभर दुसरं काय काम न्हाई त्यायला."

ओसरीतून हाक आली, पुढचं अक्षर कुठं आहे. मावशी लगबगीनं माघारी गेल्या.