भोये गुरुजींची लाईन

भोये गुरुजींसमोर कुणी ‘लाईन’ म्हटलं, की ते त्याला तिथंच थांबवत. “कोणती?”

वायरमन खांबावर चढलेला असो की बायका रेशनच्या दुकानापुढे ताटकळलेल्या असोत, गुरुजींना उत्तर हवंच असे. जव्हारच्या स्टँडवर एक ड्रायव्हर म्हणाला, आपण पूर्वी मोखाडा लाईनला होतो. गुरुजींनी कागद काढून ‘एसटीचा रस्ता’ असं टिपलं आणि त्या नादात स्वतःची गाडी चुकवली. एकदा कॉलेजातलं एक पोरगं दुसऱ्याला चिडवत होतं, तू तिला लाईन मारतोस म्हणून. गुरुजी पुढे झाले आणि मारतो म्हणजे नेमकं काय करतो, हे अगदी गंभीरपणे विचारलं. पोरगं लाजून पळालं. गुरुजींनी लिहिलं : ‘दुरून पाहणे.’

मी इथल्या वाचनालयात पुस्तकं देतो. गुरुजी इंग्रजी शब्दकोशाच्या एकाच पानावर तासभर बसत. मग तो माझ्याकडे सरकवून म्हणत, “हा लिहिणारा आपल्याकडे आलेला दिसत नाही. दिवे गेले की काय जातं, हे त्याला ठाऊकच नाही.”

ते गेल्याला सहा महिने होतील. शब्दकोश अजून त्याच पानावर उघडतो.

साखरशेतच्या बाजूला एका शाळेत ते एकटेच शिक्षक होते. दिवाळी झाली की तिकडची अर्धी घरं जगायला बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. पोरंही आईबापांबरोबर जातात. जाणाऱ्या प्रत्येक पोराला गुरुजी अभ्यास देत : तिकडे लाईन कशाला म्हणतात ते विचारायचं आणि मला स्वतः येऊन सांगायचं. निरोप चालणार नाही. जूनमध्ये पोरं धावत येत. कुणी गवंड्याची दोरी सांगे, कुणी पाण्याचा पाईप. एवढ्या अर्थांचं लोणचं घालणार का, असं मी विचारी. ते नुसते हसत.

एका वर्षी पाचवीतली सुंदरी आली नाही. घरची माणसं भट्टीवरून परतली होती, तरी नाही. गुरुजी वाचनालयात येत आणि शब्दकोश न मागता बसून राहत. शेवटी चिखल तुडवत तिच्या पाड्यावर गेले. आपण फक्त अर्थ विचारायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. सुंदरी तान्ह्या भावाला काखेत घेऊन उभी होती. तिनं लगेच सांगितलं, कच्च्या विटा वाळत ठेवतात ती.

बाप म्हणाला, पोरगी हुशार आहे ते कळतं, पण भाताच्या आवणीला आम्ही दोघं शेतात. “धाकल्याला कोण सांभाळल, गुरुजी?”

गुरुजींनी तान्ह्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “त्यालापण घेऊन येऊ दे.”

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. श्रावणात मी शाळेला पुस्तकं द्यायला गेलो, तेव्हा कळलं. बाहेर काहीच आवाज नव्हता. मला वाटलं सुट्टी असेल. आत डोकावलो तर सगळा वर्ग कुजबुजत अकराचा पाढा म्हणत होता. सुंदरी पुढे बसून वहीत लिहीत होती. फळ्यापाशी गुरुजी, खांद्यावर तिचा भाऊ.

मी काही बोलणार, तोच गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

“आत्ताच झोपलाय,” ते हळूच म्हणाले आणि बाराचा सुरू केला, तोही तसाच.