अकराशे सेहेचाळीस तुकड्यांचे अण्णा

आमच्या इमारतीत कुणाकडे कपबशी फुटली की सर्वांत आधी अण्णा पेडणेकर येतात. घरातली माणसं अजून 'कोणी फोडली' या चौकशीत असतात, तोवर अण्णा दारात पिशवी उघडून उभे. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. सात प्रसंगांची सरासरी चार मिनिटं निघाली. आमचा प्लंबर निरोप मिळाल्यापासून चार दिवस घेतो.

हळहळ वगैरे अण्णांना वाटत नाही. आमच्याकडे आईच्या वेळची लोणच्याची बरणी फुटली तेव्हा बायको डोळ्यांत पाणी आणून तुकडे गोळा करत होती. अण्णा वाकून म्हणाले, "वा! असला पिवळा आता मिळत नाही. झाकण फुटलं नाही का?"

"नाही," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," अण्णा म्हणाले. "कधीतरी फुटेलच."

अण्णांचं वय एकाहत्तर. उभा जन्म टाइल्सच्या दुकानात सेल्समन म्हणून गेला. दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायचे की ही टाइल फुटतच नाही. आता घरी बसून तीच टाइल पकडीने फोडतात आणि तुकड्यांची चित्रं करतात. त्याला ते मोझेक म्हणतात. मोर झाला, गलबत झालं, एक गणपती झाला, तो पाच वर्षं हत्ती म्हणून ओळखला जातो. घरात येईल त्याला जमिनीवरून सांभाळून चालावं लागतं. परळच्या आमच्या या जुन्या इमारतीत त्यांची मिळून दीड खोली, त्यातली अर्धी अण्णांची आणि एक तुकड्यांची.

चित्रातल्या तुकड्यांचं कौतुक केलेलं मात्र त्यांना चालत नाही. "तुकड्याला काय बघता? तुकडा मुका. सांधा बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सांधा म्हणजे दोन तुकड्यांमधली फट. ती व्हाइट सिमेंट आणि रंग कालवून भरायची असते. भरल्यावर पुसायची, मग वाळवायची, मग भिजवायची. सगळी चित्रकला तिथे आहे आणि बाकीचं नुसतं भांडी फोडणं, असं अण्णांचं मत. हे मत मी आतापर्यंत निदान दोनशे वेळा ऐकलं असेल. हा आकडा अंदाजे आहे, बाकीचे मोजलेले आहेत.

आता जिन्याचं सांगतो, कारण सगळं रामायण जिन्यात झालं.

तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत आमच्या सहासष्ट पायऱ्या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथे एक कोपरा आहे. त्या कोपऱ्याला मूळ रंग कोणता दिला होता ते आता कोणालाच सांगता येत नाही. येणारा-जाणारा तिथे पिंक टाकतो. येणारे-जाणारे म्हणजे बाहेरचे, असं आम्ही मीटिंगमध्ये म्हणतो. पण बाहेरच्यांना त्या कोपऱ्याचा इतका अचूक नेम कसा साधेल?

यावर मुंबईभर चालतो तो उपाय आमच्या सेक्रेटरी चुरीबाईंनी काढला. देवांच्या टाइल्स लावायच्या. सर्व धर्मांचा मिळून सहा टाइल्सचा संच त्यांनी आणूनही ठेवला. मीटिंगमध्ये अण्णा उभे राहिले.

"देवाला काय थुंकी राखायला बसवता? त्याला दुसरी कामं नाहीत?"

"मग कोणाला बसवू? तुम्हाला?" चुरीबाई म्हणाल्या.

"शालनला," अण्णा म्हणाले.

शालनकाकू ही अण्णांची बायको. एकोणतीस वर्षांपूर्वी गेली. एकोणचाळीस वय होतं.

जुन्या लोकांना अण्णांचं म्हणणं पटायला वेळ लागला नाही. पेडणेकरांचं दार त्या वळणासमोरच आहे. काकू दारात तांदूळ निवडत बसायची आणि जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. गाल फुगलेला दिसला की संपलं. मी स्वतः साक्षीदार आहे, म्हणजे आरोपी आहे. एकोणिसाव्या वर्षी मित्राच्या नादाने मी पान खाल्लं आणि त्या कोपऱ्यात थुंकलो. काकू बादली घेऊन बाहेर आली. "हो जिनो तुझ्या बापाशीचो आसा काय रे मेल्या?" आणि तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत सहासष्टच्या सहासष्ट पायऱ्या धुवून घेतल्या. वर माझ्या आईला जाऊन सांगितलं, की पोरगा कामाचा आहे, हात चांगला चालतो. पान मी त्यानंतर खाल्लेलं नाही.

"तिचा चेहरा करतो," अण्णा म्हणाले. "मोझेकमध्ये. दीड फूट बाय दोन फूट. ती असताना कुणाची हिंमत होती?"

"जिन्यात स्वतःची बायको कोण लावतं?" मागून कोणीतरी म्हणालं.

"बायको जिन्यातच असायची," अण्णा म्हणाले. "घरात मीच असायचो."

चुरीबाईंनी तीन महिने मुदत दिली. अण्णांनी अकरा घेतले.

चेहऱ्याचे तुकडे जाळीवर लावायला अडीच महिने पुरले. गाल दुसऱ्या मजल्यावरच्या चहाच्या कपांचे, केस कुणाच्या तरी मोरीच्या काळ्या टाइलचे, कुंकू चुरीबाईंच्याच फुटलेल्या लाल बशीचं आणि हनुवटी आमच्या बरणीची. अण्णा म्हणायचे, हजारेक तुकडे असतील. मी मोजले. अकराशे सेहेचाळीस. चूक नको म्हणून पुन्हा मोजले, तेवढेच भरले. बायको म्हणाली, "बरं जमलंय तुमचं. एकाने फोडायचं, दुसऱ्याने मोजायचं."

उरलेले साडेआठ महिने सांध्याचा रंग ठरवण्यात गेले. माझ्या हातात प्रमाणाची वही आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा आला, कारण अण्णा चमच्याने मोजत आणि चमचा रोज वेगळा असे. इतके ग्रॅम व्हाइट सिमेंट, इतका काळा ऑक्साइड. भिजलेला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो, म्हणून प्रत्येक नमुन्याला दहा दिवस थांबायचं. सव्वीस नमुने झाले. मला सगळे राखाडी दिसत. अण्णा एकेक उचलून खिडकीत धरत आणि म्हणत, "हा फार तरुण." पुढचा उचलत. "हा आजारी." मी वहीत 'आजारी' असं लिहून ठेवलं. ग्रॅमच्या रकान्यात हा शेरा बसत नव्हता, म्हणून समासात लिहिला.

शेवटी चुरीबाई वर आल्या. "अण्णा, देव अकरा महिने माझ्या पलंगाखाली आहेत. रोज रात्री मी त्यांच्या डोक्यावर झोपते. हे पाप कुणाच्या खात्यात?"

"माझ्या."

"तुमचं खातं भरलंय. रविवारी मिस्त्री येतोय. तोवर काकू लागली तर लागली. नाहीतर देव लागणार, आणि मग तो कोपरा तुम्हाला परत मिळायचा नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. तो उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. इमारतीत काकूची दुसरी कुठलीच जागा उरली नव्हती. घरात तिचा एकच फोटो, तोही कपाटाच्या आत.

माणसं मदतीला धावली, म्हणजे सल्ले द्यायला आली. चुरीबाईंनी युक्ती काढली: सिमेंट भरण्याआधी सांध्यांत पांढरी रांगोळी भरून बघा, कशी दिसते ते कळेल. चिमटीने रांगोळी सोडली, ब्रशने वरची झटकली, आणि टेबलावर शालनकाकू उजळली. गाल भरलेले, कपाळ नितळ. अगदी फोटोतली, सत्यनारायणाला बसलेली.

"पांढराच!" सगळे एका सुरात म्हणाले. चुरीबाईंनी पदर डोळ्याला लावला. "किती गोड दिसते हो. पांढराच करा, अण्णा. स्वच्छही वाटेल."

मीही पांढऱ्याच्या बाजूने मत दिलं. नऊ विरुद्ध शून्य. अण्णांनी मत दिलं नाही. ते रांगोळीकडे बघत राहिले, मग जुना टूथब्रश घेऊन एकेका सांध्यातली रांगोळी बाहेर काढत बसले. दोन तास लागले.

शुक्रवारी चेहरा जाळीसकट भिंतीवर चिकटला. शनिवारी दुपारी दोन वाजता सांधे भरायचे ठरले. वेळ बघायचं काम माझ्याकडे. जिन्यात लग्नाला जमावी तशी माणसं जमली. वरच्या पायऱ्यांवर जागा धरायला भांडणही झालं.

अण्णांनी डब्याचं झाकण काढलं. आत राखाडी होतं. फिकट नव्हे, चांगलं चुलीतल्या राखेसारखं.

"अण्णा! पांढरं ठरलं होतं ना?" मी म्हणालो.

"तुमचं ठरलं होतं."

"अहो पण नऊ विरुद्ध शून्य..."

"बाजूला हो रे. वेळ बघ."

आणि त्यांनी रबरी पट्टीने तो गारा काकूच्या तोंडावर फासायला सुरुवात केली. आडवा, तिरपा, दाबून. कपाळ गेलं. नाक गेलं. कुंकू गेलं. पाच मिनिटांत भिंतीवर चेहरा असा राहिलाच नाही, नुसता चिखलाचा चौकोन. सांधे भरताना असंच होतं हे मला माहीत होतं, तरी मी घड्याळ सोडून भिंतीकडे बघितलं. एक बाई म्हणाली, "अगं बाई, गेलं सगळं."

अण्णा खालच्या पायरीवर बसले. हात गुडघ्यांवर, बोटं राखाडी. "किती झाली?"

"सात."

जरा वेळाने, "किती?"

"नऊ, अण्णा."

लवकर पुसलं तर सांध्यातलं निघून येतं, उशीर झाला तर तुकड्यांवर थर धरतो आणि जात नाही. वीस मिनिटं ठरली होती. त्या वीस मिनिटांत त्यांनी मला अकरा वेळा विचारलं.

विसाव्या मिनिटाला त्यांनी स्पंज पिळला. सुरुवात डोळ्यांपासून केली. मग गाल, मग कपाळ. काकू चिखलातून वर येऊ लागली. पण ती रांगोळीतली काकू नव्हती. डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा आल्या होत्या. नाकापासून ओठांपर्यंत दोन्ही बाजूंना घड्या पडल्या होत्या. कपाळावर चार आठ्या, गळ्याची कातडी सैल. प्रत्येक सांध्याची सुरकुती झाली होती. तुकडे तेच, अकराशे सेहेचाळीस. बाई वेगळी.

शेवटी चुरीबाईंनाच राहवलं नाही. "अहो अण्णा, किती म्हातारी केलीत हो तिला!"

अण्णा स्पंज बादलीत धुवत होते. मान वर न करता म्हणाले, "अडुसष्टची आहे. कशी दिसणार?"

मी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. एकोणचाळीस आणि एकोणतीस. बरोबर होती.

माणसं एकेक करून आपापल्या घरी गेली. चहाची वेळ झाली होती असं म्हणतात, पण तीनच वाजले होते.

रविवारी मिस्त्री आला, तेव्हा देवांची नेमणूक तिसऱ्या मजल्याच्या वळणावर झाली. त्यानंतरच्या महिन्याभराचा माझा हिशेब असा: देवांसमोर पिंका दोन, काकूसमोर शून्य. चुरीबाईंना हा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

सिमेंट पक्कं व्हायला पाणी मारावं लागतं. सात दिवस, दिवसातून तीनदा, म्हणजे एकवीस वेळा. अण्णा न्हाव्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली घेऊन बाहेर येत. आठव्या दिवशी सकाळी बाटली घेऊन पुन्हा उभे. मला वाटलं मोजण्यात चूक झाली असेल, म्हणून गप्प बसलो. पंधराव्या दिवशी बोललो.

"अण्णा, सातच दिवस मारायचं असतं."

"ऊन कडक आहे."

"जिन्यात ऊन येतच नाही."

"वारा येतो ना," अण्णा म्हणाले, आणि कपाळावर फवारा मारला.

एकतिसाव्या दिवशी त्यांनी आमचं दार वाजवलं. खांद्याला पिशवी. मुलगी नाशिकला असते, तिच्याकडे दोन दिवस जायचं होतं. जावयाचा तीनदा फोन आला होता, टाळता येईना. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

"तीन वेळा. सकाळी, दुपारी, दिवे लागायच्या आधी."

सिमेंट केव्हाच पक्कं झालं आहे, आता पाणी मारून काही होत नाही, हे मी सांगणार होतो. आकडे जिभेवर होते.

"आधी कपाळ," अण्णा म्हणाले. "मग गाल. आणि डोळ्यांत सरळ मारू नको हं. तिला आवडत नाही."

ते जिना उतरून गेले. वळणावर जरा थांबले, मग गेले.

दोन दिवस, रोज तीनदा, म्हणजे सहा वेळा. सहाही वेळा मी पाणी मारलं. पहिल्या वेळी वर-खाली कोणी नाही ना ते बघून घेतलं, आणि मग डावा हात काकूच्या डोळ्यांवर आडवा धरला.