घर्षण नाही, असं समजा

पाटोद्याच्या आमच्या कॉलेजात सानप सर फिजिक्स शिकवत आणि दर तासाला मुलांची माफी मागत. फळ्यावर गणित लिहायचं, "घर्षण नाही असं समजा" म्हणायचं, की खडू ठेवून हात जोडायचे. "पोरांनो, हे खोटं हाय बरं का. घर्षण नसलेला उतार मी जन्मात बघितला न्हाई."

मी मराठीचा मास्तर. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या शेजारी, हे माझं नशीब.

"तुमी मराठीवाले, तुमी सांगा. दोरी बिनवजनाची, उतार बिनघर्षणाचा, सगळं लबाड. मग त्याच गणितावर बांधलेला पूल उभा काहून राहतो?"

"गणित बरोबर असेल."

"लबाडीचं गणित बरोबर कसं?"

यावर मी डबा उघडायचो.

एकदा आठवडी बाजारात त्यांनी भाजीवालीला विचारलं, "तराजूच्या दोरीचं वजन धरता का सोडता?" ती म्हणाली, "मास्तर, वांगी घ्यायची का दोरी?" सर तसेच परत आले. वांगी राहिलीच.

मग एके दिवशी बारावीतली एक मुलगी उठली. "सर, दोरी खोटी, उतार खोटा. मग इलेक्ट्रॉन तरी खरा हाय का?"

"दिवा लागतो म्हंजे असंल..." सर अडखळले. "पण तसा तर पूलबी उभा हाय की!" घंटा होईपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्याही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सर ओट्यावर बसून आईला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होते. म्हातारीचं भान हल्ली सुटत चाललं होतं.

"थोरला आला का रं?" तिनं विचारलं.

मी दचकलो. सरांचा थोरला भाऊ ऊसतोडीला गेला तो तिकडंच वारला. त्याला कैक वर्षं झाली.

"निघालाय. चौसाळ्यापर्यंत आलाय," सर सहज म्हणाले. "तू खा."

घास गिळून ती माझ्याकडं वळली. "तुमाला दिसला का हो?"

मी सरांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते, हातात घास तसाच.

"दिसला की, आजी," मी म्हणालो. "हॉटेलात चहा पीत होता."

"लई साखर लागती त्याला," म्हातारी म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.