पडताळणी : दुपारी तीन ते पाच

टेबलावर पाच चिकटपट्ट्या होत्या, पाच रंगांच्या पाच वायरी होत्या, त्या जिथे एकत्र येत होत्या ते काडेपेटीहून थोडं मोठं एक यंत्र होतं, यंत्राची एक कापडी पिशवी, पिशवीचा एक कमरपट्टा आणि चार पानांची एक डायरी. शिवाय एका पाकिटात पाच जास्तीच्या चिकटपट्ट्या. निरीक्षकांनी सगळं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकोणीस नग भरले. पावतीवर मात्र 'यंत्र, एक संच' एवढंच लिहिलं होतं.

"यावर शिक्का कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसला शिक्का, काका?" यंत्र लावणारी मुलगी पट्ट्यांचे कागद सोलत होती.

"पडताळणीचा. हे बरोबर मोजतं, असं शेवटचं कोणी तपासलं आणि कधी?"

"काका, आम्ही सगळ्यांना हेच लावतो."

"खोटा तराजूही दुकानदार सगळ्यांना तोच लावतो," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी शर्टाची बटणं काढली.

वजनमापे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. किलोला नऊशे साठ ग्रॅम देणारे अनेक लोक त्यांनी पाहिले होते, आणि त्यातला प्रत्येकजण 'साहेब, सगळे हेच वापरतात' असंच म्हणाला होता. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी दरवर्षी एक साखर कारखाना ट्रकचा मोठा वजनकाटा तपासायला त्यांना बोलवायचा. गाडी पाठवायचा. फाटकावरचा माणूस सलाम करायचा. यंदाचं बोलावणं बारा दिवसांवर आलं होतं, आणि नेमकी गेल्या आठवड्यात, माळ्यावरून ताणकाटा काढताना स्टुलावर त्यांना चक्कर आली. चार सेकंद. ती त्यांनी स्वतः मोजली होती.

"वीस-वीस किलोची वजनं तुम्ही उचलणार," बायको म्हणाली, "आणि तुम्हाला कोण उचलणार?"

बायको शाळेत कवायतीच्या बाई होत्या. घरातही त्यांना सगळे बाईच म्हणत. निरीक्षकही, त्या आसपास नसल्या की. बाईंनी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास यंत्र लावून हृदयाचा आलेख काढू. आलेख चांगला आला तर कारखाना. वाईट आला तर घर.

"नेहमीसारखं वागायचं, काका," मुलीने पिशवी कमरेला बांधली. "फक्त आंघोळ नाही. आणि जे कराल ते वेळेसकट डायरीत लिहायचं."

ही शेवटची सूचना तिने या माणसाला करायला नको होती.

घरी पोचेपर्यंत डायरीचं पहिलं पान भरलं. '१०.४२ जिना, सतरा पायऱ्या. १०.४३ कुलूप, दुसऱ्या प्रयत्नात. १०.५१ पाणी, अंदाजे १८० मिली.' सव्वा वाजता चौथं पान संपलं. शेवटची नोंद होती, '१.१४ डायरीत लिहिले.'

दीड वाजता निरीक्षकांना तफावत सापडली. यंत्राला नखाएवढा पडदा होता आणि त्यावर मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा उमटत असे. त्यांनी मनगटावर बोट ठेवून थांबघड्याळाने मोजलं. मनगट म्हणालं चौऱ्याहत्तर, पडदा म्हणाला शहात्तर.

"अगं, दोनाचा फरक आहे."

"असू दे की. दोनाने काय बिघडतं?"

"दिवसाला दोन हजार आठशे ऐंशी ठोक्यांनी बिघडतं."

बाई कपाट आवरत राहिल्या; उगाच हातातलं काम सोडायची त्यांना सवय नव्हती.

कोणतंही माप तपासायची रीत निरीक्षकांच्या लेखी एकच होती. आधी रिकामं ठेवून शून्य दाखवतं का बघायचं, मग माहीत असलेलं वजन ठेवून बघायचं. त्यांनी छातीवरची एक पट्टी उपटली. यंत्राने टुकटुक केलं आणि पडद्यावर आडवी रेघ आली. शून्याच्या जागी रेघ त्यांना फारशी पटली नाही, पण शेरा मारून त्यांनी ती चालवून घेतली. आता प्रश्न उरला माहीत असलेल्या वजनाचा. कपाटात पितळेची प्रमाण वजनं मखमलीत ठेवलेली होती. त्यांच्यावर शिक्केही होते. पण त्यांना हृदयं नव्हती.

निरीक्षकांनी ओळखीच्या हृदयांची मनातल्या मनात यादी केली. मेहुणा सिगारेटी ओढतो, बाद. शेजारचे वकील कारण नसताना चिडतात, बाद. खालच्या शिंप्याची गेल्याच वर्षी अँजिओग्राफी झाली होती, म्हणजे ते वजन आधीच दुरुस्त केलेलं. शेवटी त्यांची नजर कपाटापाशी गेली. एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही आजारपणाची रजा नाही. शाळेच्या मैदानाला पहाटे दहा फेऱ्या. साधं डोकं दुखल्याचंही कोणी ऐकलेलं नाही.

"अगं, जरा इकडे ये."

"मी ते लावून घेणार नाही," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"मी अजून काही बोललोच नाही."

"सदतीस वर्षं झाली. तुम्ही 'जरा' म्हणालात की मला कळतं."

"दोन तास फक्त. तुझं हृदय चोख आहे हे आपल्याला माहीत आहे. यंत्राने ते चोख दाखवलं, तर यंत्र चोख. नाही दाखवलं, तर यंत्र बाद. अशा बिनशिक्क्याच्या डबीच्या सांगण्यावरून माझा कारखाना का जावा?"

बाईंनी कपाट लावलं. विचार केला.

"एका अटीवर. यंत्र बरोबर निघालं, तर डॉक्टर सांगतील ते विनातक्रार ऐकायचं. वाद नाही, उलटतपासणी नाही, 'पण डॉक्टर' नाही."

"कबूल."

"लिहून द्या."

निरीक्षकांनी लिहून दिलं. मग पट्ट्या काढण्याआधी त्यांनी प्रत्येक पट्टी गळ्याच्या हाडापासून किती मिलिमीटरवर आहे ते टेपने मोजून कागदावर आकृती काढली. जास्तीच्या पाच पट्ट्या त्या आकृतीबरहुकूम बाईंना लागल्या. तीन वाजले होते. पडद्यावर आकडा उमटला : अठ्ठेचाळीस.

"बघा," बाई म्हणाल्या. "याला म्हणतात खेळाडूची नाडी. नाहीतर तुमची. शहात्तर. बसल्याबसल्या."

"चौऱ्याहत्तर," निरीक्षक म्हणाले.

त्यांनी बाईंचं मनगट धरून मोजलं. पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा अठ्ठेचाळीस आले. यंत्र चोख होतं. मघाची दोनाची तफावत आपल्याच बोटाची होती, हे त्यांनी मनातच ठेवलं.

पडताळणी ठरल्याप्रमाणे पूर्ण दोन तास झाली. त्या वेळात बाईंनी कुंड्यांना पाणी घातलं, पडदे उतरवले, बहिणीला फोनवर झापलं आणि पडदे पुन्हा चढवले. निरीक्षक तेवढा वेळ पलंगावर पडून राहिले. पाच वाजता पट्ट्या पुन्हा त्यांच्या छातीवर गेल्या. डायरीत जागाच नव्हती, म्हणून पडताळणीची नोंद त्यांनी वेगळ्या कागदावर केली, खाली सही करून तारीख घातली, आणि दाखला तपासणाऱ्याच्याच दप्तरी राहतो या नियमाने तो कागद स्वतःच्या फायलीत लावून फाइल कपाटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. टेबलावर प्लॅस्टिकचं एक हृदय होतं, झाकण उघडून आतले चार कप्पे बघता येतील असं. आलेखाची गड्डी डॉक्टरांनी चाळली आणि चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा बातमी चांगली नसते, हे निरीक्षकांना माहीत नव्हतं. बाईंना होतं. त्यांनी पर्स घट्ट धरली.

"तुम्ही वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "हे बघा. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक बारीक गाठ असते. हृदयाचं घड्याळच म्हणा. ती ठरावीक वेळाने विजेचा इशारा सोडते, मग कप्पे आवळतात आणि रक्त पुढे जातं. तुमची ही गाठ अधूनमधून इशारा सोडायला विसरते आहे. सात वेळा विसरली. सगळ्यात मोठा थांबा तीन पूर्णांक आठ सेकंदांचा."

"विसरते म्हणजे?"

"म्हणजे तेवढा वेळ हृदय थांबतं. पेसमेकर बसवावा लागेल. शक्य तितक्या लवकर."

"आणि कारखाना?" निरीक्षकांनी विचारलं.

"कसला कारखाना?"

"विनातक्रार," बाई हळूच म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, जो त्यांनी चारचौघांत कधी धरला नव्हता.

"एक गंमत आहे," डॉक्टर आलेखावर बोट फिरवत म्हणाले. "उरलेले बावीस तास अगदी उत्तम. सगळे थांबे एकाच वेळेतले. दुपारी तीन ते पाच. काय करत होतात तेव्हा?"

"पडून होतो," निरीक्षक म्हणाले.

"पडून? आलेख तर म्हणतो तुम्ही नाचत होतात. बरं, त्या वेळी डोळ्यांसमोर अंधारी आली? तोल गेल्यासारखं झालं?"

"नाही."

"ते होतंच हो," बाई मध्येच म्हणाल्या. "स्टुलावरून उतरलं की होतं. भिंत धरायची, मनात पाच म्हणायचं, जातं. सहा महिने झाले. वयाने सगळ्यांनाच होतं."

"बाई, मी यांना विचारतोय."

"हे काय सांगणार? हे तेव्हा झोपले होते. पडदे मी चढवत होते."

निरीक्षकांनी बायकोकडे बघितलं, मग आलेखाकडे, मग प्लॅस्टिकच्या हृदयाकडे. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो काटे बाद केले होते. पितळी वजनच हलकं निघावं, असं मात्र कधी झालं नव्हतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "यंत्र बाद करा."

"काय?"

"यंत्र चुकीचं आहे. त्याच्यावर शिक्का नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"यंत्र व्यवस्थित आहे."

"ते मलाही माहीत आहे," निरीक्षक म्हणाले. "मी तपासलंय. तीन ते पाच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शून्य, रेघ, माहीत असलेलं वजन, मेहुणा का बाद, शिंपी का बाद. दाखल्याची प्रत हवी असल्यास घरून आणून देतो म्हणाले. यंत्र लावणारी मुलगी फायली घेऊन दारात उभी होती, ती फायलींच्या आड गेली आणि फायली हलू लागल्या. डॉक्टरांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

"मी पंचवीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "लोक यंत्र लावून आंघोळ करतात. एकाने ते म्हशीच्या गोठ्यात टाकलं होतं. पण भलत्याच माणसावर मी ऑपरेशन केलं असतं, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"आणि तुम्ही, बाई. सहा महिने अंधारी येते आणि तुम्ही मनात पाच म्हणता?"

"चारावरच जाते बहुतेक वेळा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, मला काही होत नाही. माझी नाडी खेळाडूची आहे. तुम्ही यांचं बघा."

"यांना काही झालेलं नाही. यांची चक्कर रक्तदाबाच्या गोळीची दिसते, ती अर्धी करू. आजच्या आज यंत्र तुम्हाला लागेल. या वेळी तुमच्या नावाने."

"पण डॉक्टर..."

निरीक्षकांनी खिशातून घडी केलेला कागद काढून बायकोपुढे ठेवला. अटीच्या कागदाची त्यांनी स्वतःकडे ठेवलेली प्रत होती.

"ही अट तुमच्यासाठी होती," बाई म्हणाल्या.

"कोणासाठी ते लिहिलेलं नाही. यंत्र बरोबर निघालं तर, एवढंच आहे. वाच. अक्षर माझं, मजकूर तुझा."

बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "चल गं. पट्ट्या नीट लाव, यांच्यासारखी टेप घेऊन बसू नकोस."

बाईंच्या आलेखात चोवीस तासांत एकतीस थांबे निघाले. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी कारखान्याची. निरीक्षकांनी कारखान्याला फोन केला. पलीकडचा अधिकारी कळवळून म्हणाला, साहेब, गाडी पाठवतो, तासाभराचं तर काम आहे.

"येता येणार नाही," निरीक्षक म्हणाले. "माझं प्रमाण वजन दुरुस्तीला गेलंय."

"दुसरं नाही का तुमच्याकडे?"

"नाही," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ऑपरेशन सव्वा तासाचं झालं. गळ्याच्या हाडाखाली एक छोटी डबी आणि तिच्यातून शिरेवाटे हृदयात गेलेली एक वायर. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन बघून गेले. मिनिटाला साठाच्या खाली जाऊ देणार नाही असं लावलंय, स्वस्थ पडून असताना साठच भरतील, असं त्यांनी सांगितलं. दर सहा महिन्यांनी तपासणीला या म्हणाले. म्हणजे फेरपडताळणी असते तर, असं म्हणून निरीक्षकांनी तारीख लिहून घेतली.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि थांबघड्याळ बाहेर काढलं.

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"हात दे."

"डॉक्टरांनी आत्ताच बघितलं की."

"त्यांनी पडद्यावर बघितलं."

बाईंनी हात दिला. निरीक्षकांनी मनगटावर दोन बोटं ठेवली.

"ऐका, घरी कुंड्यांना पाणी..."

"मोजताना बोलू नकोस."

व्हरांड्यातून औषधांची गाडी खडखडत गेली. निरीक्षकांचे ओठ हलत होते. मिनिट पूर्ण झाल्यावर त्यांनी घड्याळ शून्यावर आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग तिसऱ्यांदा. हात सोडला नाही; वही गुडघ्यावर ठेवून दुसऱ्या हाताने लिहिलं.

नेमलेले ठोके, साठ. मोजलेले ठोके, साठ, साठ, साठ. तफावत, शून्य.