भागाकाकूंचा नेम

बाजाराच्या दिवशी डोणगावची वाट बैलगाड्यांनी भरली की भागाकाकू आपल्या दिराला गोळी घालत. दीर म्हणजे मडकं. कुंभाराकडून आणलेलं तडकलेलं मडकं त्या मळ्याच्या बांधावर पालथं ठेवीत, त्यावर चुन्यानं मिशा काढीत, विहिरीपाशी येऊन उभ्या राहत आणि ओरडत, "गनपत्या, सांभाळ रे!" मग बार व्हायचा, बैल बुजायचे, गाडीवान शिव्या द्यायचे आणि बांधावर मिशांचे तुकडे पडायचे.

मी मूळचा दुसरबीडचा. शाळामास्तर होऊन डोणगावात आलो आणि काकूंच्या शेजारचं घर भाड्यानं मिळालं. पहिल्या दिवशी सामान उतरवत होतो, तर पलीकडून आवाज आला, "कोन आलं रे?"

"नवीन मास्तर," मी म्हणालो.

"शेजारी राह्यनार?"

"हो."

"हे कोनं ठरवलं?"

हा त्यांचा नेहमीचा सवाल. सकाळी उठल्यावर लोक तोंड धुतात, काकू रागावत. कावळ्यावर रागावत, न शिजणाऱ्या डाळीवर रागावत. ग्रहणात जेवू नये असं सांगायला जोशीबुवा आले, तर त्यांना दारातच उभं करून म्हणाल्या, "राहूनं खाल्लं चंद्राले अन् उपास म्या करू? हे कोनं ठरवलं?" विधवेनं शेतात एकटं जाऊ नये, गड्यांवर ओरडू नये, चारचौघांत हसू नये, असे गावाचे पुष्कळ ठराव होते. काकू त्यातला एकच पाळत. त्या हसत नसत.

पण त्यांचा एक राग खरा होता, आणि तो मलाही आला होता.

काकूंना मूलबाळ नव्हतं. नवरा वारला तेव्हा दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या होत्या. नवऱ्याच्या वाटणीचा मळा काकूंकडे आला. कायद्यानं तो त्यांच्या हयातीपर्यंत त्यांचा, पुढे धाकट्या दिराचा, म्हणजे गणपतरावांचा. गणपतरावांनी नुसतं हातावर हात ठेवून बसून राहायचं होतं. तेवढं त्यांच्याच्यानं होईना. आधी काकूंच्या उभ्या ज्वारीत गुरं शिरली. मग मोटेचा नाडा कापला गेला. मग एका दुपारी दोन अनोळखी माणसं कुऱ्हाडी मांडीवर घेऊन काकूंच्या ओट्यावर येऊन बसली. ऊन उतरेपर्यंत बसली आणि गेली.

पाटलांकडे गेलो, तर पाटील पान जमवत म्हणाले, "बाईमानसानं थोडं नमतं घ्याव, मास्तर." त्या पाटलाचा मला आजही राग येतो. नाडा हिचा कापला, नमतं हिनंच घ्यायचं!

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात. "मास्तर, मले पिस्तूल पाह्यजे. अर्ज लेहा."

"काकू, घेता तर बंदूक घ्या. लोक बंदुकीला भितात."

"बंदूक राह्यते भिंतीवर अन् मी राह्यतो चुलीपाशी. मी भिंतीपर्यंत जाईन तवरिक थो मारनारा थांबन का? कमरेले राहीन असी वस्तू पाह्यजे."

मी अर्जात 'स्वसंरक्षण आणि नेमबाजीचा सराव' असं लिहिलं. म्हटलं, गोऱ्या साहेबाला खेळाचं कौतुक असतं, परवाना लवकर देईल. साहेबानं काकूंना समोर बोलावलं, बरोबर दुभाष्या म्हणून मी. साहेब म्हणाला, बाईला पिस्तूल कशाला हवं? घरातले पुरुष तिचं रक्षण करतील.

मी सांगितलं. काकू साहेबाकडे बघत म्हणाल्या, "ज्याच्यापासून जीव वाचवाचा, थोच घरातला पुरुष हाय म्हना."

साहेब हसायला लागला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. तो हसायचा थांबला. परवाना मिळाला.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि बंदुकांचं मोठं दुकानही तिथंच. दुकानदार बोहरी, पांढऱ्या दाढीचे, फार अदबशीर. त्यांनी मखमलीच्या पेटीतून एक इवलंसं पिस्तूल काढलं. शिंपल्याची मूठ, वर वेलबुट्टी. "बाईसाहब, ये जनाना पिस्तौल. बटवे में रख लीजिए."

काकूंनी ते बोटांत धरून उलटंसुलटं केलं. "मास्तर, हा अडकित्ता हाय. याले इचारा, मी चोराले सुपारी देऊ का?"

शेठजी घाईघाईनं आत गेले आणि फौजेतल्या शिपायाचं भलंमोठं रिव्हॉल्व्हर घेऊन आले, बाई घाबरेल या बेतानं. काकूंचा जन्म विहिरीतून पाणी ओढण्यात गेलेला. त्यांनी ते वरवंट्यासारखं उचललं. पण घोडा ओढताना नळीचं टोक खाली झुकलं. "वजन हाताले नाई, बोटाले जड हाय," त्या म्हणाल्या. "नेम जाईन."

मग शेठजींनी नवीन तऱ्हेचं, मुठीत गोळ्या भरायचं पिस्तूल दाखवलं. आधी ही कळ, मग हा वरचा भाग मागे ओढायचा, मग सोडायचा, मग ती कळ. एखादी गोळी अडली तर पुन्हा मागे ओढून ती काढून टाकायची. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"अन् तवरिक थो कुऱ्हाडवाला काय करन? माह्या ओट्यावर हरिपाठ म्हनन?"

शेठजींची पंचाईत अशी, की खुणेवर नेम धरायला नळी लांब आणि घोडा हलका पाहिजे. जवळ बाळगायला मात्र नळी आखूड बरी. एका हत्यारात दोन्ही गोष्टी पुरत्या साधत नाहीत. तसं त्यांनी सांगितलं, तर काकू उसळल्या. "एका चुलीवर भाकर होते अन् वरन बी होते! हे कोनं ठरवलं?" आणि समोरचं एक रिकामं रिव्हॉल्व्हर उचलून त्यांनी रस्त्यापलीकडच्या घड्याळावर रोखलं. मधे उभी असलेली तीन गिऱ्हाइकं खाली बसली.

"बाईसाहब!" शेठजी ओरडले. "खाली हो तो भी इन्सान की तरफ नहीं! पहला कायदा है!"

"मंग घेऊन काय करू? लोनचं घालू?" काकू म्हणाल्या. पण हात खाली केला. बरोबर सांगितलेलं त्यांना कळे. फक्त कळल्याचं त्या कबूल करत नसत.

शेवटी त्यांनी घेतलं ते मध्यम बांध्याचं, सहा गोळ्यांचं, साध्या लाकडी मुठीचं बत्तीस बोर. गोळी अडली तर पुन्हा घोडा दाबायचा, की पुढची गोळी समोर. "याले डोकं कमी हाय," काकू म्हणाल्या. "हेच बरं."

गावात हसण्याचा पूर आला. पारावर लोक काकूंची नक्कल करत, पदर खोचून काठी रोखत. मी एकदोघांशी भांडलोही. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला काकूंनी हसण्याची सोय ठेवलीच होती. त्यांनी बांधाला गोळी मारली, बाभळीला मारली, एकदा स्वतःच्या मोटेला मारली. मडकं शाबूत. मग एक दिवस संतापून माझ्याकडे आल्या.

"मास्तर, राग आला का नेम जाते."

"मग राग सोडा, काकू."

"म्हनजे नेम लागाव म्हनून राग सोडाचा? हे कोनं ठरवलं?"

पण सोडला. घोडा दाबायच्या वेळेपुरता. त्या क्षणाला त्यांचा चेहरा असा शांत होई, की बघणाऱ्याला ओळख पटू नये. त्यानंतर मडकं वाचल्याचं मी पाहिलं नाही. गावाचं हसूही हळूहळू बंद झालं.

एका हिवाळ्यात, कापूस फुटल्यावर, गडी धावत आला. गणपतराव गाड्या आणि मजूर घेऊन काकूंच्या मळ्यात शिरले होते आणि भर दुपारी कापूस वेचून नेत होते. काकू निघाल्या. मी मागोमाग. वाटेत त्यांनी गणपतरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्या सगळ्या पिढ्या त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याच्याही होत्या.

बांधावर पोचलो. गणपतराव हातात काठी घेऊन उभे होते. काकूंनी रिव्हॉल्व्हर उचललं. वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस टाकून पळाल्या. गाडीवानही पळाले. काकूंचा चेहरा शांत झाला, मडक्यासमोर होई तसा. गणपतराव तसेच उभे. मग ते एक पाऊल पुढे आले. आणखी एक.

बार झाला. बाभळीची एक फांदी तुटून गणपतरावांच्या पागोट्यावर पडली. ते मटकन खाली बसले, फांदी काढली, उठले आणि चालते झाले. भरलेल्या गाड्या तिथंच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चौकशीला जमादार आला. गणपतरावांनाही बोलावलं होतं. काकू ओट्यावरूनच गरजल्या, "मी यालेच मारत होती. नेम चुकला. लेहून घे!"

मी घाबरलो. बाई स्वतःहून फासाची भाषा करत होती. जमादारानं गणपतरावांकडे पाहिलं.

"डुक्कर होतं," गणपतराव जमिनीकडे बघत म्हणाले. "रानडुक्कर. कापसात शिरलं होतं. वयनीनं त्याच्यावर झाडली."

"डुक्कर?" काकू ओरडल्या. "कोनतं डुक्कर? हे कोनं ठरवलं?"

जमादार दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी त्यानं डुक्कर लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला. गावानं त्यावर पुष्कळ दिवस काढले. काकूंचा नेम ऐन वेळी चुकला, असं जो तो म्हणे, आणि काकू ते ऐकून घेत. एकालाही त्यांनी उलट उत्तर दिलं नाही.

मला मात्र राहवेना. "काकू, तुमचा नेम चुकला नाही," मी म्हणालो.

त्या तूर निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. पण आवाज निघाला तो वेगळाच.

"सासू गनपत्याच्या बाळंतपनातच गेली. मी नवी नवरी, पोरसवदाच. हे लेकरू माह्या मांडीवर देल्लं. हागलं-मुतलं म्या काढलं. लय खोडकर. पन मारासाठी हात उगारला का पये नाई, मास्तर. बाकीचे पोट्टे पयतात. हे उलटं पुढं ये. मार म्हने, वयनी." त्यांनी सूप पुन्हा उचललं. "त्या दिसी तसाच पुढं आला, मेला."

मग एकदम डोळे वटारून म्हणाल्या, "कोनाले सांगसान तं पाहा!"

त्यानंतर मळ्यात गुरं शिरली नाहीत, कुऱ्हाडी आल्या नाहीत. पण गणपतरावही आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची बायको तापानं गेली. काकू दारापर्यंत जाऊन परत आल्या. आत जायला कोणी म्हटलं नाही, म्हणून रागावून आल्या, असं त्यांनी मला सांगितलं.

मग पोळा आला. संध्याकाळी सजवलेले बैल घरोघर पूजेला फिरवतात. भाऊबंदकी झाल्यापासून गणपतरावांची जोडी काकूंच्या दारावरून न थांबता पुढे जाई, आणि काकू हातात ताट घेऊन, ती वळणाआड होईपर्यंत, गड्याला शिव्या देत उभ्या राहत. त्या दिवशी कासरा गड्याच्या हातात नव्हता. गणपतराव स्वतः होते. काकूंच्या दारासमोर येऊन ते थांबले. मान खाली.

काकूंनी बैलांना कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणाची पोळी चारली. एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि कडाडल्या, "हाडं दिसून राह्यले! खायाले-प्याले कोन पाह्यते?"

गणपतरावांनी कासरा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"कोनी नाई पाह्यत, वयनी," ते म्हणाले.

ताटात अजून एक पोळी होती. काकू ती हातात घेऊन गणपतरावांसमोर उभ्या राहिल्या. बैलानं मान पुढे केली, तर त्यांनी त्याचं तोंड बाजूला सारलं.

मी आत गेलो आणि माझं दार लोटून घेतलं.