दोन्ही दाखले, मूळ प्रतीत

शंभर मीटर धावण्यात देशाला दोन पदकं मिळवून देणारा धावपटू सुसाट वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बायकोसह स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जाखालच्या खोलीत राहत होता, आणि ती खोली सहा महिन्यांत रिकामी करावी, अशी नोटीस त्याला रीतसर मिळाली होती. वर पायऱ्या असल्यामुळे खोलीचं छत उतरतं होतं. उंच माणसाने दाराशीच उभं राहावं. पण डोक्यावर छप्पर होतं. मैदान-राखणदाराची जागा मिळाली तर तेही टिकणार होतं, म्हणून सुसाट क्रीडा कार्यालयात गेला.

"जागा आहे," कारकून म्हणाला. "पण ती 'गुन्हेगारीकडे वळलेले माजी खेळाडू पुनर्वसन योजने'त मोडते. तुम्ही कुठला गुन्हा केलाय?"

"एकही नाही."

कारकुनाला त्याची खरोखर कीव आली. "मग कुठल्या तोंडाने आलात? निवृत्त होऊन इतकी वर्षं केलंत काय?"

"सरळ वागणाऱ्यांसाठी काही योजना?"

"त्यांचं काय पुनर्वसन करायचं? ते कुणाला त्रास देत नाहीत."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, जन्मभर नाकासमोर धावलात, त्याने काय दिवे लागले? एवढी एक चोरी करून टाका. या वयात मला बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सुसाटने बाजारात एका बाईंची पिशवी हिसकावली. पण तो सापडेना. पाठलाग करणारे दोघे पहिल्याच कोपऱ्यावर कंबर धरून बसले. शेवटी चोरच पिशवी घेऊन चौकीत हजर झाला. अंमलदाराने मानही वर केली नाही.

"चोर सापडला नाही, असा शेरा मारून झालाय. आता खाडाखोड कोण करणार? आणि फिर्यादीनुसार चोर पंचविशीतला आहे. आजोबा, घरी जा."

म्हणून पुढची चोरी त्याने चौकीच्या दारातच करायची ठरवली. पिशवी ओढायची आणि गपचूप उभं राहायचं. पण पाय कुठले ऐकायला? त्याने एका बाईंची पिशवी ओढली आणि पाय निघालेसुद्धा. हवालदाराने जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली. आता, सुरुवात चुकली की पंच शिट्टी मारतात आणि धावपटूने मुकाट्याने परत रेषेवर यायचं असतं, हे तीस वर्षं त्याच्या अंगात मुरलेलं. सुसाट वळला, चालत परत आला, चूक कबूल म्हणून हात वर केला आणि त्या बाईंच्या शेजारी शर्यत सुरू करायच्या पवित्र्यात वाकून बसला. चोरी आणि पोलिसांची टवाळी, अशा दोन कलमांखाली त्याला तीन महिने मिळाले.

सुटल्यावर तो शिक्षेचा दाखला छातीशी धरून कार्यालयात गेला. कारकुनाने तो उलटसुलट पाहिला.

"उत्तम. आता चारित्र्याचा दाखला?"

"तो कशाला?"

"सरकारी जागा आहे, चोराला कशी देणार? गुन्ह्याचा एक, चारित्र्याचा एक. दोन्ही मूळ प्रतीत."

"अहो, हे दोन्ही एका माणसाकडे असतील तरी कसे?"

"नसतात कसे? आजवर तिघांनी आणून दिले. तिघेही क्रीडा संघटनेचे पदाधिकारी."

जागा संघटनेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला मिळाली. तो बंगल्यात राहतो. खोलीत त्याची मोटारसायकल राहते. सुसाटच्या बायकोने दोन ट्रंका बांधल्या आणि बहिणीच्या व्हरांड्यात नेऊन ठेवल्या. दोघं तिथेच झोपतात.

चौकीसमोरच्या त्या चोरीचं कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. पदकाच्या शर्यतीला सज्जात आठ माणसं होती, त्यातली तीन पाऊस टाळायला आत शिरलेली. हे चित्रण मात्र चाळीस लाख लोकांनी पाहिलं. खाली एकाने लिहिलं, 'देशाने यांना काय कमी केलं? असल्यांना भर चौकात फोडून काढा.' त्या ओळीला तुम्ही जेवता जेवता लाइकचा अंगठा दिलात, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून घरच्यांना सुनावलंत.